कोणत्या कलमाखाली?

मार्च 1965. तुम्ही मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाच्या कचेरीत कारकून आहात. वेळप्रवासात जागा निवडायची सोय नसते, मिळेल ती खुर्ची धरायची. तुमच्या वाट्याला एका पायाने डुगडुगणारी आली आहे. समोर आवक-जावक रजिस्टर, लाखेची कांडी, टाचण्यांचा डबा. स्थानबद्धांचं टपाल वाचायचं आणि खटकेल ते अधीक्षकसाहेबांपुढे ठेवायचं, एवढंच काम.

आज टपालात पत्र नाही, पुस्तक आहे. हाताने लिहिलेलं, मराठीत. वर नाव घातलंय: ‘अणूच्या अंतरंगात’. लेखक प्रभाकर पांडुरंग संझगिरी, कम्युनिस्ट कार्यकर्ते, भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध. देशाचं संरक्षण, सार्वजनिक सुरक्षितता आणि सुव्यवस्था यांना बाधा येईल असं काही त्यांनी करू नये म्हणून त्यांना आत ठेवलंय. करू नये म्हणून. केलं म्हणून नव्हे. त्यामुळे आरोपपत्र नाही, साक्षीदार नाहीत, शिक्षेची मुदत नाही आणि सुटकेची तारीखही नाही. हस्तलिखित बाहेर पाठवून छापून घ्यायची परवानगी द्या, एवढी त्यांची मागणी.

तुम्ही पानं चाळता. शाळेत विज्ञान जेमतेम पास झालेला माणूस तुम्ही, पण अणूच्या पोटातले मूलकण कसे वागतात हे कळायला फारशी अडचण येत नाही. बोट ओळींवरून फिरत राहतं. चीनने पाचच महिन्यांपूर्वी, 16 ऑक्टोबर 1964 रोजी, पहिला अणुस्फोट केलाय. कम्युनिस्ट, चीन आणि अणू हे तीन शब्द एका कागदावर आले की सरकारी नोकराला घाम फुटणारच. पण या पानांत बॉम्ब कुठेच नाही. मोर्चा नाही, पक्ष नाही, चीनही नाही. निव्वळ पदार्थविज्ञान.

मग तुम्ही नियमांचं पुस्तक काढता. स्थानबद्धांना कोणत्या अटींवर ठेवायचं याचा मुंबई सरकारचा 1951 चा हुकूम. वाचत जा. पुस्तक लिहून बाहेर पाठवण्याबद्दल त्यात एक अक्षर नाही. परवानगी नाही आणि मनाईही नाही.

ही कोरी जागा नीट बघून ठेवा. नियम गप्प असेल तेव्हा माणूस मोकळा की बांधलेला? सचिवालयाचं उत्तर आलेलं आहे: बांधलेला. हुकमात लिहिल्यात तेवढ्या सवलती. पुस्तक छापण्याची सवलत लिहिलेली नाही, म्हणून नाही. नकाराचा कागद तुम्ही रजिस्टरात चढवता, लेखकाला पोचता करता आणि चहा मागवता. तुमचं काही चुकलेलं नाही. वरून आलं, खाली दिलं.

संझगिरी उच्च न्यायालयात गेले. निकाल लागेपर्यंत जरा मागे जाऊन येऊ.

22 एप्रिल 1943. दिल्लीच्या कौन्सिल हाउसमधलं नरेंद्र मंडळाचं दालन. आता तुम्ही पट्टेवाला आहात. संस्थानिकांसाठी बांधलेल्या या थंडगार दालनात संघ न्यायालय भरतं. बाहेर महायुद्ध चालू आहे, जपान ब्रह्मदेशापर्यंत येऊन ठेपलाय, ‘चले जाव’नंतर देशभरचे तुरुंग भरलेत. दिल्लीतल्या गोऱ्या साहेबाला या घडीला कशाची धास्ती नाही असं म्हणायची सोय नाही. आणि अशा वेळी मुंबईच्या केशव तळपदे नावाच्या स्थानबद्धाचं अपील सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांच्यापुढे आलंय. सरन्यायाधीश इंग्रज, सरकार इंग्रजांचं, युद्धही इंग्रजांचं. तुम्हाला वाटतं, निकाल ठरलेलाच आहे.

ग्वायर दोन कागद शेजारी शेजारी ठेवतात. एक भारत संरक्षण कायदा, दुसरा त्याखाली सरकारने केलेला नियम 26. ज्याच्याबद्दल वाजवी संशय असेल त्याला अडकवण्यासाठी नियम करा, असं कायदा म्हणतो. नियमात मात्र तो संशयाचा भाग गळालाय; सरकारचं समाधान झालं की कोणालाही उचलावं, एवढंच उरलंय. कायद्याने ओंजळभर दिलं आणि सरकारने बादली भरून घेतली. नियम 26 रद्द.

देशाला काय हवं, युद्धाची निकड किती, यावर प्रवचन नाही. हा अधिकार तुम्हाला कोणी दिला, दाखवा. नसेल तर नाही.

पण दालनाची दारं ओढून घेण्याआधी पुढचे सहा दिवस भराभर पाहून घ्या. 28 एप्रिलला वटहुकूम निघतो. कायद्यातलं भोक बुजवलं जातं, तेही मागच्या तारखेपासून, म्हणजे झालेल्या अटका आपोआप कायदेशीर. शिवाय दोन वर्षांनी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ग्वायर यांचा निर्णयच चुकीचा ठरवला. न्यायालयाने भोक दाखवायचं आणि सरकारने ते बुजवायचं, हा खेळ तुम्हाला आजपासून बराच काळ बघावा लागणार आहे.

15 सप्टेंबर 1949. इमारत तीच, सभागृह वेगळं, आणि तुम्ही वार्ताहरांच्या कक्षात. संविधान सभेत डॉ. आंबेडकर एक नवं कलम मांडताहेत, पुढे जे 22 वं झालं ते. स्वतंत्र भारताच्या मूलभूत हक्कांच्या प्रकरणात विनाचौकशी स्थानबद्धतेची तरतूद! शेजारचा वार्ताहर पेन्सिल थांबवून तुमच्याकडे बघतो. आंबेडकर लपवाछपवी करत नाहीत. जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमात आपण ‘कायद्याने घालून दिलेली पद्धत’ एवढंच ठेवलं, त्यावर लोक नाराज आहेत. ती कसर थोडी भरून काढावी म्हणून हे कलम, असं ते सांगतात. स्थानबद्धाला कारणं कळवली पाहिजेत, निवेदनाची संधी दिली पाहिजे, तीन महिन्यांपलीकडे ठेवायचं तर सल्लागार मंडळापुढे कागद गेला पाहिजे. स्थानबद्धता नकोच, असं ते म्हणत नाहीत. फाळणी होऊन दोनच वर्षं झालीत, तेलंगणात सशस्त्र लढा चालू आहे. राज्याला हा अधिकार लागणार हे ते धरून चालतात आणि त्याला कुंपण घालू बघतात.

महावीर त्यागी उठतात. मसुदा समितीच्या सभासदांनी समितीवर येण्याआधी तुरुंगवास भोगला असता तर बरं झालं असतं, असा टोला ते हाणतात. आंबेडकर म्हणतात, यापुढे तो अनुभव घ्यायचा प्रयत्न करीन. त्यागींचं उत्तर तयार असतं: ब्रिटिशांनी तुम्हाला तो मान दिला नाही, पण तुम्ही स्वतःच्या हातांनी लिहिताय ते संविधान तुमच्या हयातीत तो देईल याची खात्री बाळगा. सभागृहात हशा. तुम्हीही हसून घ्या. पाचच महिन्यांनी, फेब्रुवारी 1950 मध्ये, सरदार पटेल संसदेत प्रतिबंधक स्थानबद्धता विधेयक आणतात आणि त्यापायी आपण रात्री जागून काढल्याचं सांगतात. त्याच कायद्याखाली मद्रास राज्यात ए. के. गोपालन आत होते. 19 मे 1950 ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं नाही. कायद्याचं फक्त 14 वं कलम उडवलं. त्या कलमाने अटकेची कारणं न्यायालयालासुद्धा सांगायला बंदी घातली होती. हा 14 व्या कलमाचा विषय डोक्यात ठेवा, तो पुन्हा भेटणार आहे.

आता पुन्हा 1965. सप्टेंबरची 6 तारीख, सोमवार.

सर्वोच्च न्यायालय आता आपल्या नव्या इमारतीत आलंय. ज्या रस्त्यावर ती उभी आहे त्याला आज टिळक मार्ग म्हणतात. राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा झालेल्या माणसाच्या नावाच्या रस्त्यावर देशाचं सर्वोच्च न्यायालय असावं, हा योगायोग मला तरी फार आवडतो. या वेळी तुम्ही वकिलाचे कनिष्ठ आहात, हातात पुस्तकांचा ढीग. व्हरांड्यात कोणी खटल्यांबद्दल बोलत नाही. सगळ्यांच्या तोंडी एकच बातमी: आपलं लष्कर आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेने निघालंय. 1962 साली चीनच्या आक्रमणात पुकारलेली आणीबाणी अजून उठलेली नाही, आणि आता दुसरं युद्ध. राष्ट्रीय सुरक्षा हा शब्द आज कोणाला समजावून सांगायची गरज नाही.

आणि याच दिवशी न्या. सुब्बाराव एका मराठी पुस्तकाच्या हस्तलिखिताचा निकाल देतात.

हो, तेच. ‘अणूच्या अंतरंगात’. मुंबई उच्च न्यायालयाने हस्तलिखित बाहेर पाठवू द्या असं सांगितलं, आणि महाराष्ट्र सरकार त्यावर अपिलात दिल्लीपर्यंत आलंय. विचार करा, सीमेवर रणगाडे, आणि राज्य सरकारचे वकील मूलकणांवरच्या पुस्तकाविरुद्ध लढताहेत. सरकारचा मुद्दा तोच, जो तुम्ही सहा महिन्यांपूर्वी रजिस्टरात चढवला होता: स्थानबद्धाला हुकमात दिल्यात तेवढ्याच सवलती. सुब्बाराव तो मुद्दा उलटा करून तपासतात. हे मान्य केलं तर हुकमात जेवण द्यावं असं लिहिलेलं नसल्यास स्थानबद्धाला उपाशी मारता येईल! हुकमातल्या अटी हे त्याच्यावरचे निर्बंध आहेत, त्याला दिलेली दानं नव्हेत. जे कापलेलं नाही ते त्याचंच आहे. पुस्तक विज्ञानाचं आहे, ते छापल्याने देशाच्या संरक्षणाला धक्का बसत नाही, आणि नियमात मनाई नाही. अपील फेटाळलं.

खूप मोठा विजय वगैरे समजू नका. संझगिरींचं पुस्तक सुटलं; त्यांच्या स्थानबद्धतेला या निकालाने हात लावला नाही. त्या काळात आत असलेले बहुतेक कम्युनिस्ट आतच राहिले. पण त्या कोऱ्या जागेचा मालक कोण, हे ठरलं.

दुसऱ्या दिवशीही तिथेच थांबा. 7 सप्टेंबरला राममनोहर लोहियांच्या याचिकेचा निकाल आहे. पाटण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याने ऑगस्टमध्ये त्यांना अडकवताना हुकमात कारण लिहिलं, ‘कायदा व सुव्यवस्था’. भारत संरक्षण नियमात मात्र शब्द आहेत ‘सार्वजनिक सुव्यवस्था’. सरकारी वकील म्हणणार, काय फरक पडतो? न्या. हिदायतुल्ला तीन वर्तुळं काढायला सांगतात, एकात एक. सगळ्यात बाहेरचं मोठं वर्तुळ कायदा व सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, आणि सगळ्यात आतलं, सगळ्यात लहान, राज्याच्या सुरक्षिततेचं. बाहेरच्या वर्तुळात घडलेली प्रत्येक मारामारी आतल्या वर्तुळापर्यंत पोचत नाही. न्यायालय बहुमताने लोहियांना सोडतं.

या वर्तुळांचं काय झालं म्हणाल, तर ती अजून कामावर आहेत. महाराष्ट्रात ‘एमपीडीए’खाली, म्हणजे 1981 च्या झोपडपट्टी दादा आणि हातभट्टीवाल्यांच्या कायद्याखाली, कोणाला स्थानबद्ध केल्याची बातमी तुम्ही वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर नेहमी वाचता. तसा हुकूम उच्च न्यायालयात रद्द होतो तेव्हा अनेकदा कारण हेच असतं: दोन माणसांच्या भांडणाला पोलिसांनी सार्वजनिक सुव्यवस्थेचा प्रश्न म्हटलेलं असतं.

युद्ध चालू असताना न्यायालयाला हे सगळं विचारता आलं कसं, यामागे एका मराठी न्यायाधीशाची बारीक कलाकुसर आहे. सातारचे प्र. बा. गजेंद्रगडकर. 1962 च्या आणीबाणीत राष्ट्रपतींनी हुकूम काढून 21 आणि 22 या कलमांसाठी न्यायालयात जाण्याचा हक्क स्थगित केला होता, पण तो हुकूम सशर्त होता: भारत संरक्षण कायद्याखाली किंवा त्यातल्या नियमांखाली ज्याला अडकवलंय, त्याच्यापुरता. 2 सप्टेंबर 1963 ला माखनसिंग खटल्यात गजेंद्रगडकरांनी बहुमताचा निकाल लिहिताना दार बंद केलं आणि फट ठेवली. मूलभूत हक्क भंगला, असं म्हणता येणार नाही. पण हुकूम कायद्याला धरून नाही किंवा अधिकाऱ्याने डूख धरून काढलाय, असं म्हणायला कोण अडवणार? लोहिया त्याच फटीतून बाहेर आले.

सरकारी विधिज्ञ मंदबुद्धीचे नसतात. त्यांनी ती फट नीट पाहून ठेवली.

डिसेंबर 1975. पुस्तकांचा ढीग तुमच्या हातात तसाच आहे. न्यायालय क्रमांक एक. 25 जूनच्या रात्री आणीबाणी पुकारली गेली, 27 जूनला राष्ट्रपतींचा हुकूम निघाला. तो तुमच्या फायलीत सगळ्यात वर आहे. 1962 च्या हुकमाशेजारी ठेवून वाचा. 14, 21 आणि 22 ही कलमं आहेत. ‘अमुक कायद्याखाली अडकवलेल्या माणसापुरता’ ही अट नाही. गजेंद्रगडकरांची फट लिंपून टाकलीय. आणि विनाचौकशी स्थानबद्धतेच्या ‘मिसा’ कायद्यात घातलेलं नवं 16 अ कलम काढा. अटकेची कारणं स्थानबद्धाला द्यायची नाहीत, आणि ती राज्याचं गुपित समजून न्यायालयालाही दाखवायची नाहीत. 1950 साली गोपालन खटल्यात जे 14 वं कलम उडालं होतं, ते पंचवीस वर्षांनी मागच्या दाराने परत आलं.

तरीही नऊ उच्च न्यायालयांनी सांगितलंय की बंदीप्रत्यक्षीकरणाच्या याचिका आम्ही ऐकू. त्यात जबलपूर आहे, अलाहाबाद आहे आणि आपलं नागपूर खंडपीठही. त्यांवर सरकारची अपिलं इथे आलीत. न्यायासनावर पाच न्यायमूर्ती: अजितनाथ राय, हंसराज खन्ना, मिर्झा हमीदुल्ला बेग, पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड, प्रफुल्लचंद्र भगवती. स्थानबद्धांच्या बाजूने शांतिभूषण, सोली सोराबजी, आणि सासवडचे वि. म. तारकुंडे. समोर महान्यायवादी निरेन डे.

खन्ना हळू आवाजात एक प्रश्न विचारतात. एखाद्या पोलिस अधिकाऱ्याने खासगी वैरापोटी माणूस मारला, तर तुमच्या म्हणण्याप्रमाणे काही दाद आहे का? डे यांचं उत्तर प्रामाणिक आहे, हे त्यांच्या श्रेयाला लिहून ठेवा: माझा युक्तिवाद खरा धरला तर आणीबाणी असेपर्यंत नाही. दालनात कोणी खोकत नाही. तुम्ही न्यायासनाकडे पाहता, आता इतर चौघांपैकी कोणीतरी पुढे वाकून बोलेल म्हणून. ते जवळजवळ गप्प असतात.

सुनावणी चालू असतानाच एक दिवस मुंबईला जाऊन या, जीव घुसमटतोय तुमचा. 10 फेब्रुवारी 1976, मुंबई उच्च न्यायालय. मिनू मसानींच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकातला मजकूर सेन्सॉरने कापला होता. न्या. द. प. मादन आणि न्या. म. हि. कानिया यांनी सेन्सॉरचे हुकूम एकेक करून तपासले. नियमात दिलेल्या उद्देशांपैकी कोणत्या उद्देशासाठी हे वाक्य कापलंत? सरकारवर टीका आहे, हा तर उद्देश नव्हे. हुकूम रद्द. आणीबाणी आहे, सेन्सॉरशिप आहे, आणि तरी एक उच्च न्यायालय सरकारी अधिकाऱ्याला त्याच्याच नियमाचं पुस्तक उघडायला लावतंय. ते शक्य होतं, हे डोळ्यांनी पाहिलंत ना? मग परत दिल्लीला चला.

28 एप्रिल 1976. चार विरुद्ध एक. 27 जूनचा हुकूम असताना स्थानबद्धाला न्यायालयाचं दार वाजवता येणार नाही. हुकूम कायद्याबाहेर आहे म्हणूनही नाही, डूख धरून काढलाय म्हणूनही नाही. 1941 साली ऐन महायुद्धात लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने असाच गृहमंत्र्यावर विश्वास टाकला होता, तोही इथे आधाराला आला. त्या खटल्यात एकटे लॉर्ड ॲटकिन वेगळे पडले होते. त्यांच्या मागे जायला इथे चौघांपैकी कोणी तयार नाही. स्थानबद्धांची सरकार जवळजवळ मातेच्या मायेने काळजी घेतं असं बेग लिहितात. तुरुंगांत छळ वगैरे होणार नाही अशी हिऱ्यासारखी लख्ख आणि कठीण आशा चंद्रचूड व्यक्त करतात. आशा! गजेंद्रगडकरांनी, सुब्बारावांनी, अगदी ग्वायर साहेबानेसुद्धा आशेवर एक ओळ खर्च केली नव्हती. त्यांनी कागद मागितला होता.

खन्नांचं एकट्याचं मत वेगळं आहे. 21 वं कलम संविधानात आलं म्हणून माणसाला जगण्याचा हक्क मिळालेला नाही. कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचा जीव घेता येत नाही हे संविधानाच्या आधीपासून खरं आहे, आणि कलम स्थगित केलं म्हणून ते खोटं होत नाही. हे मत आपल्याला काय किमतीला पडेल ते त्यांना ठाऊक होतं. निकालाआधी हरिद्वारला गंगेच्या काठी त्यांनी आपल्या बहिणीला ते सांगितलं होतं. जानेवारी 1977 मध्ये ज्येष्ठता डावलून बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्नांनी राजीनामा दिला.

तुम्हाला सरकारची बाजू मांडायची असेल तर मांडा, ती अगदीच पोकळ नाही. गुप्तवार्ता नेहमी पुराव्याच्या कायद्यात बसत नाही. खबऱ्याचं नाव उघड केलं तर तो उद्या जिवंत नसेल. बॉम्ब फुटेपर्यंत थांबा आणि मग खटला भरा, असं कुठल्याही सरकारला सांगता येणार नाही. माझा आक्षेप दुसरा आहे. 1965 साली शत्रूचे रणगाडे समोर असताना न्यायालयाने विचारलं, कोणत्या कलमाखाली? त्या प्रश्नाने लाहोरची आघाडी ढासळली नाही. 1976 च्या एप्रिलमध्ये सीमेवर तोफ धडाडत नव्हती, आणि त्याच न्यायालयाने विचारणंच सोडून दिलं. धोका मोठा म्हणून प्रश्न लहान पडला, असं झालेलं नाही. उलट झालंय. खरा धोका होता तेव्हा प्रश्न विचारला गेला.

आणि न विचारल्यामुळे काय झालं, ते पाहायला दिल्लीच्या पतियाळा हाउसमध्ये चला. सप्टेंबर 1977 पासून इथे आणीबाणीची चौकशी करणाऱ्या न्या. जे. सी. शहा यांच्या आयोगापुढे जाहीर साक्षी चालू आहेत. तुम्ही पुन्हा कारकून, फायली पुढे सरकवणारे. ‘मिसा’खाली देशभरात 34,988 माणसं अडकवली गेली, हा आकडा या आयोगाच्या अहवालात आहे. अधिकारी येतात, बसतात, सांगतात: वरून आदेश आला, सही केली. माणूस आधी उचलला आणि कारणं मागून लिहिली, असे हुकूम दिल्लीत निघाल्याचं या फायलींतून बाहेर येतं. आता आठवा, राज्याचं गुपित म्हणून न्यायालयापासून जे झाकून ठेवलं होतं ते हेच. त्या पाकिटात बऱ्याचदा गुपित नव्हतंच. नंतर भरायचा कोरा कागद होता. कोणी एका न्यायाधीशाने फाईल मागितली असती तर निम्म्या सह्या झाल्या नसत्या, असं मला वाटतं. आर्थर रोडच्या तुमच्या खुर्चीवर बसलेल्या कारकुनालाही तसंच वाटलं असतं.

आणीबाणीनंतर आलेल्या जनता सरकारने 44 वी घटनादुरुस्ती आणली. आणीबाणीतही 20 आणि 21 ही कलमं स्थगित करता येणार नाहीत, हे त्यात लिहिलं गेलं, आणि ते 20 जून 1979 पासून लागू आहे. एप्रिल 1976 चा तो चार विरुद्ध एक निकाल सर्वोच्च न्यायालयाने स्वतः मोडला तो 24 ऑगस्ट 2017 रोजी, खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात. तो मुख्य निकाल लिहिणारे धनंजय चंद्रचूड हे यशवंतरावांचे चिरंजीव. वडिलांचा निकाल मुलाने पुसला, ही गोष्ट सगळीकडे मोठ्या चवीने सांगितली जाते. तिच्याइतकी चवदार नसलेली एक गोष्ट सांगितली जात नाही, म्हणून तुमचा शेवटचा मुक्काम तिथे ठेवलाय.

28 डिसेंबर 1981. न्यायालय क्रमांक एक, आणि मधल्या खुर्चीत आता सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड. खटला धनबादचे मार्क्सवादी खासदार ए. के. रॉय यांचा. नव्या राष्ट्रीय सुरक्षा वटहुकमाखाली ते स्थानबद्ध झाले आहेत. त्यांच्या वकिलांच्या हातात 44 व्या घटनादुरुस्तीची प्रत आहे आणि बोट तिच्या तिसऱ्या कलमावर. संसदेने या कलमाने आंबेडकरांचं कुंपण आणखी पक्कं केलं होतं: तीन महिन्यांऐवजी दोनच महिने, आणि सल्लागार मंडळ सरकारच्या मर्जीचं नको, उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांच्या शिफारशीने नेमलेलं, अध्यक्ष कामावर असलेला न्यायाधीश. घटनादुरुस्ती मंजूर झाली, राष्ट्रपतींची सही झाली. फक्त कोणतं कलम कधीपासून लागू करायचं, ती तारीख ठरवणं सरकारवर सोपवलं होतं, आणि या एका कलमाची तारीख सरकारने काढलेली नव्हती.

रॉय यांच्या बाजूने मागणी झाली की न्यायालयाने सरकारला तारीख काढायला सांगावं. न्या. तुळजापूरकर आणि न्या. गुप्ता तयार होते. चंद्रचूड, भगवती आणि देसाई यांचं बहुमत म्हणालं, संसदेनेच तारीख सरकारवर सोपवली आहे, न्यायालय तसा आदेश देऊ शकत नाही. इतका उशीर व्हायला नको होता, एवढी खंत तेवढी व्यक्त झाली.

त्यानंतर दिल्लीत सर्व रंगांची सरकारं आली आणि गेली. 44 व्या घटनादुरुस्तीचं तिसरं कलम लागू करण्याची तारीख त्यांपैकी एकानेही काढलेली नाही.